बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

गाडी दोन दिवस उभी राहिली आणि सेल्फ मारला की नुसतं कट्-कट्. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन ती सुरू होते, आठवडाभर नीट चालते आणि पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. पण गाडीतच कुठे करंट गळत असेल तर नवी बॅटरीही उतरणार. काही हजारांचा खर्च वाया जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून आधी मोजायचं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट दाखवणारा मीटर, पुरतो.

गाडीची बॅटरी लेड-ॲसिड जातीची. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये ती बनवली आणि तिचं रसायन आजही तेच आहे. आत शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. प्रत्येक सेल सुमारे 2.1 व्होल्टचा, असे सहा सेल. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होतं. चार्जिंग केलं की सल्फेट परत विरघळतं. मात्र उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण वाढून कडक स्फटिक होतात आणि मग ते सहज विरघळत नाहीत. त्यामुळे दर वेळी पूर्ण उतरणारी चांगली बॅटरीसुद्धा हळूहळू खरोखरच खराब होते. तिला गुन्हेगार ठरवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी, टर्मिनलांवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी सुरू झाल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या आसपास जायला हवा. तो 12.5 वरच रेंगाळत असेल तर आल्टरनेटर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला डायनामो म्हणतात तो, चार्जच करत नाही. पट्टा सैल असेल, कार्बन ब्रश झिजले असतील किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढून जोड कच्चा झाला असेल. बुरशी तर गरम पाण्यात खायचा सोडा घालूनही निघते. आधी ती साफ करून पाहावी.

हे सगळं ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. बंद गाडीही थोडा करंट घेतेच. घड्याळ, सेंट्रल लॉकिंगचा रिसिव्हर आणि कॉम्प्युटरची मेमरी मिळून 20 ते 50 मिलीअँपिअर हा सर्वसाधारण खर्च. 45 अँपिअर-अवरच्या, म्हणजे एक अँपिअर करंट 45 तास देऊ शकणाऱ्या, बॅटरीतून 30 मिलीअँपिअर जात असतील, तर ती पूर्ण रिकामी व्हायला दोन महिने लागतील. तोच करंट 400 मिलीअँपिअर असेल तर शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंतच्या साठ तासांत 24 अँपिअर-अवर जातात. म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी गेली.

ही गळती पकडण्यासाठी निगेटिव्ह टर्मिनलची केबल काढायची आणि ती केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावायचा. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात हवी. दरम्यान सेल्फ मारायचा नाही आणि हेडलाइटही लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोहोचावा म्हणून दार उघडं ठेवावं लागतं. त्या दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा. चावी गाडीपासून लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा. घाई इथेच नडते. सुरुवातीला आकडा दोन-तीन अँपिअरसुद्धा दिसू शकतो, पण एकेक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, झोपत जातं तसा तो पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. शेवटी तो 0.03 वर, म्हणजे 30 मिलीअँपिअरवर, थांबला तर ठीक. 0.40 वर अडून बसला, तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजबरोबर आकडा झपकन पडेल, गळती त्या सर्किटवर.

बऱ्याचदा दोषी निघतात ते बाहेरून बसवलेले सामान: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चावी बंद केल्यावरही चालू राहणाऱ्या वायरवर जोडलेला म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर. त्यांची जोडणी इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घेतली की काम झालं. डिकीचा दिवा झाकण बंद केल्यावर विझतो का, हे मोबाइलचा व्हिडिओ चालू करून तो आत ठेवला की कळतं.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर संशय आल्टरनेटरवर. आतल्या डायोडांनी करंट एकाच दिशेने जाऊ द्यायचा असतो. एखादा डायोड खराब झाला की बॅटरी उलट्या दिशेने त्यातच रिकामी होते. गाडी चालताना चार्जिंग बऱ्यापैकी दिसतं, त्यामुळे हा दोष भल्याभल्यांना चकवतो. इलेक्ट्रिशियनकडून डायोड प्लेट तपासून घ्यावी.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्या. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये आल्टरनेटर तिला तेवढं भरू शकत नाही. मग रात्रभर तशीच ठेवून पुन्हा मोजा. 12.6 च्या आसपास टिकली आणि सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली नाही, तर ती वापरत राहा. पूर्ण भरूनही सकाळी 12.3 वर आली, तर मात्र तिच्या प्लेटा गेल्या आहेत आणि आता नवी बॅटरी घ्यायला हरकत नाही.