दोन वाजताची लाइट, दोन वाजताचा बॅकअप

"फोन हिरमा पडना, भो. आते काय करानं?"

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी सहाला वहिनींच्या मोबाइलवरून जिभाऊंचा, म्हणजे भावाचा, फोन. चोपडा तालुक्यात आमची केळी आहे आणि त्या आठवड्यात रात्रपाळीची लाइट होती. मोटर पाणी का ओढत नाही ते बघायला जिभाऊ रात्री विहिरीच्या काठावर वाकले. हातात बॅटरी म्हणून फोनच. तो सुटला. टॉर्च चालूच असल्यामुळे पाण्यात शिरल्यावरही थोडा वेळ खाली खाली जाणारा उजेड दिसत राहिला, असं ते नंतर दोन-तीनदा सांगत होते.

फोनचं दुःख फारसं नव्हतंच. आत काय होतं, त्याचं होतं: केळीच्या वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो, व्यापाऱ्यांचे नंबर, आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींचे झोक्यावर गाणी म्हणतानाचे व्हिडिओ. "पण बॅकअप चालू आहे ना," जिभाऊ म्हणाले, "पुण्याच्या पोरानं लावून दिला होता."

घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी, म्हणून रविवारी जळगावहून गेलो. नवीन फोन आला होता. जुन्याच गूगल खात्यानं तो सुरू केला आणि जे परत आलं ते विचित्र होतं. नंबर झाडून सगळे आले, अगदी आदल्या दिवशी जतन केलेल्या ट्रकवाल्याचासुद्धा. व्हॉट्सॲपच्या गप्पा आल्या त्या गेल्या दिवाळीपर्यंतच्या. फोटोही दिवाळीपर्यंतचे, आणि त्यातलेही काही गायब. खातं एक, फोन एक, मग तीन वेगळे निकाल कसे?

कारण बॅकअप हा शब्द एकवचनी असला तरी वस्तू अनेकवचनी आहे. एका विहिरीवर चार मोटरी बसवाव्यात आणि प्रत्येकीचा स्टार्टर वेगळा असावा, तसं हे प्रकरण आहे. नंबर एका वाटेनं जातात. फोनची सेटिंग, एसएमएस, कॉलची यादी आणि ॲपमधली किरकोळ माहिती दुसऱ्या वाटेनं. फोटो-व्हिडिओ गूगल फोटोज नेतं. व्हॉट्सॲप आपलं गाठोडं स्वतःच बांधतं. पोरानं चारही बटणं चालू करून दिली होती, त्याची काही चूक नव्हती. पण बटण चालू असणं आणि पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचणं यातला फरक केळीवाल्याला वेगळा सांगावा लागत नाही.

आता या मोटरी सुरू कधी होतात ते बघा. अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीचा बॅकअप आपोआप होतो तो आधीच्या बॅकअपला 24 तास उलटले असतील, फोन निवांत पडलेला असेल आणि वाय-फाय असेल तर. मोबाइल डेटा वापरायची परवानगी वेगळी द्यावी लागते. आयफोन आणि आयपॅडला चार्जर लावलेला हवा, स्क्रीन लॉक हवी आणि शक्यतो वाय-फाय हवं. व्हॉट्सॲप आपली रोजची नक्कल फोनमध्येच तयार करतं, रात्री दोन वाजता.

रात्री दोन वाजता! या अटी ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस अकराला फोन चार्जिंगला लावून झोपतो आणि त्याच्या घरात वाय-फाय असतं. आमच्या जिभाऊंचा फोन रात्री दोनला बांधावर असतो, टॉर्च लावलेला, सोळा टक्के बॅटरीवर, आणि गावच्या घरी वाय-फाय नाही. सगळी बटणं चालू होती आणि एकही अट पुरी होत नव्हती.

मग दिवाळीपर्यंतचं तरी कसं वाचलं? हे कोडं मला जेवताना सुटलं. दिवाळीत जिभाऊ-वहिनी माझ्याकडे चार दिवस राहायला आले होते. माझ्या घरी वाय-फाय, मोटर नाही, रात्री फोन चार्जिंगला. त्या चार रात्रींत फोननं मागची सगळी थकबाकी भरून टाकली आणि गावी गेल्यावर पुन्हा गप्प बसला. नंबरांचं तसं नाही. एक नंबर म्हणजे कागदाच्या चिटोऱ्याएवढी माहिती. ती मोबाइल डेटावर जतन केल्या केल्या निघून जाते.

"मग डेटावरच पाठवू दे की सगळं," पुण्याचा पुतण्या फोनवरून म्हणाला. जरा हिशेब करू. एक फोटो 4 एमबीचा धरला, तर हजार फोटो म्हणजे 4 जीबी. शिवारात स्पीड टेस्ट केली तर अपलोड 2 दाखवतं, पण ते 2 मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला पाव एमबी. एका फोटोला 16 सेकंद, हजार फोटोंना साधारण साडेचार तास, तेही मध्ये रेंज न जाता. व्हिडिओची गोष्टच वेगळी: फुल एचडीचं एक मिनिट 60 ते 130 एमबी खातं, आणि बहिणींची गाणी काही एका मिनिटात संपत नाहीत. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हे बसवायचं तर फोटो रोजच्या रोज जाऊ द्यावेत आणि व्हिडिओ वाय-फायची वाट बघत थांबवावेत. गूगल फोटोजमध्ये ही दोन्ही सेटिंग वेगवेगळी ठेवता येतात, डेटाची रोजची मर्यादाही घालता येते.

अपलोड नेहमी डाउनलोडपेक्षा हळू का, हा प्रश्न तिथे बसलेल्या एकानं विचारला आणि तो चांगला होता. टॉवर म्हणजे भोंगा, फोन म्हणजे माणसाचा गळा. टॉवरचा आवाज फोनपर्यंत जोरात येतो, पण बारीकशा बॅटरीवर चालणाऱ्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत क्षीण होत जातो. त्यात कंपन्याही नेटवर्कचा मोठा वाटा डाउनलोडला देतात, कारण बहुतेक लोक बघतात जास्त, पाठवतात कमी. म्हणून मळ्यात व्हिडिओ सुरळीत दिसतो आणि बॅकअपचं चाक मात्र फिरतच राहतं.

मध्येच रेंज गेली तर सगळं पहिल्यापासून? नाही. फाइल तुकड्यातुकड्यानं जाते आणि तुटलं तिथून पुढे सुरू होऊ शकते. शिवाय तोच फोटो पुन्हा पाठवावा लागू नये म्हणून अनेक सेवा आधी त्याचा 'ठसा' काढतात. एक गणिती रीत फोटोतल्या सगळ्या आकड्यांवरून एक ठरावीक लांबीचा सांकेतिक क्रमांक बनवते. शा-256 नावाची रीत वापरली तर तो 64 अक्षरांचा येतो, फोटो लग्नाचा असो की पावतीचा. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. सर्व्हरकडे तो ठसा आधीच असेल तर फोटो पाठवायची गरजच उरत नाही.

काट्याच्या पावत्यांचं प्रकरण निराळं निघालं. त्या कॅमेऱ्यानं काढलेल्या नव्हत्याच, व्यापाऱ्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या होत्या. गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर उचलतं. व्हॉट्सॲपचं, स्क्रीनशॉटचं फोल्डर आपल्याला वेगळं चालू करावं लागतं. हे शंभरातल्या किती जणांनी केलं असेल, मला शंका आहे.

आणि जागा. गूगलच्या फुकट खात्यात 15 जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. 1 जून 2021 पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो या हिशेबात धरत नसत, त्यानंतर धरायला लागले. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲपचं गाठोडंही 2024 पासून त्याच कोट्यात आलं. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये तर फुकट जागा 5 जीबीच. कोटा भरला की बॅकअप थांबतो आणि वरच्या पट्टीत एक सूचना येते. दिवसाला शंभर 'शुभ सकाळ' येणाऱ्या फोनवर ती कोण वाचणार?

आता दिवाळीच्या आधीचेही काही फोटो गायब होते, त्याकडे येऊ. पुतणीचा टॅब त्याच खात्यावर चालतो. शाळेचे व्हिडिओ ठेवायला जागा नव्हती, म्हणून महिन्याभरापूर्वी तिनं टॅबवरून "काकांचे केळीचे फोटो" आणि मागच्या आखाजीचे व्हिडिओ पुसून टाकले होते. तिला वाटलं टॅबवरचे पुसले. पुसले गेले सगळीकडचे, कारण गूगल फोटोजमध्ये टॅब आणि फोन हे एकाच साठ्याचे दोन आरसे असतात.

केळीला बी नसतं. एका झाडाचे कंद किंवा उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं लावून सगळी बाग उभी राहते, म्हणजे बागेतलं झाड न् झाड एकमेकाची नक्कल. म्हणूनच केळीच्या हरण्या रोगाचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा विषाणू ज्या झाडात असतो, त्याच्या कंदात तो आपोआप उतरतो. नक्कल करताना रोगाचीही नक्कल होते. सिंक, म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या यंत्रांत एकच साठा ठेवणं, हे असं आहे: इकडची भर तिकडे, इकडची घाणही तिकडे. जागा मोकळी करायची तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' असं बटण आहे. ते वर पोचलेल्या फोटोंची फक्त त्या यंत्रावरची प्रत काढतं. पुतणीला ते ठाऊक नव्हतं, तिच्या काकालाही नव्हतं. नशीब म्हणजे बॅकअप झालेले फोटो पुसल्यावर 60 दिवस कचरापेटीत राहतात. आम्ही मुदतीच्या आत पोचलो आणि सगळे उचलून आणले. वहिनींनी तो दिवस सणासारखा घालवला, शेवभाजी झाली.

ढगात, म्हणजे दूरच्या इमारतीतल्या डिस्कवर, हे सगळं टिकतं कसं? डिस्क तर रोज मरतात. हजारो डिस्क असलेल्या केंद्रात ते नित्याचंच. साधी युक्ती अशी. 7 आणि 5 हे दोन आकडे दोन डिस्कवर ठेवा आणि तिसरीवर त्यांची बेरीज 12. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोन्हींवरून गेलेला आकडा काढता येतो. याच कल्पनेचं पुष्कळ ताकदवान रूप 1960 मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी मांडलं. त्याचा पुरावा रोज बघायचा असेल तर चोपड्याच्या स्टँडवरच्या कुठल्याही हॉटेलातला पैसे द्यायचा क्यूआर कोड बघा. त्यावर तर्रीचे डाग असतात, कोपरा फाटलेला असतो, तरी पैसे जातात. क्यूआरमध्ये रीड-सॉलोमनचंच गणित आहे आणि सर्वांत मजबूत पातळीवर साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

अर्थात प्रती एकाच छपराखाली असतील तर गणितही हरतं. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथलं एक मोठं डेटा सेंटर आगीत गेलं आणि काही ग्राहकांच्या लक्षात आलं की आपला मूळ माल आणि त्याचा बॅकअप दोन्ही तिथेच होते. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नेम म्हणून अजून खरा आहे: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी.

जिभाऊंच्या बाबतीत खरी दमछाक झाली ती मात्र कुलपांशी. व्हॉट्सॲपला तोच नंबर लागतो, आणि सिम विहिरीत. डुप्लिकेट सिम मिळालं, पण सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे, चांगला आहे, पण ओटीपीची वाट बघणाऱ्याला तो दिवस लांबलचक वाटतो. गूगलचे 8 अंकी दहा राखीव कोड आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवले असते तर निदान त्या खात्यापुरता खोळंबा टळला असता. पुढे नव्या फोननं जुन्या फोनचा पॅटर्न विचारला. अँड्रॉइड 9 पासून ॲपच्या माहितीचं गाठोडं स्क्रीनच्या कुलपानंच बंद होतं आणि ते कुलूप गूगललाही उघडता येत नाही. जिभाऊंना पॅटर्न आठवेना. शेवटी डोळे मिटून बोट हवेत फिरवलं आणि बोटानं तो बरोबर काढला. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर बोटाच्या आठवणीवर विसंबू नका. तो विसरला आणि दुसरी चावी नसेल, की गाठोडं कायमचं बंद.

दोन बारीक गोष्टी. नव्या अँड्रॉइडवरचा बॅकअप त्याहून जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर उतरत नाही. आणि ट्रंकेत पडून राहिलेल्या टॅबच्या भरवशावर राहू नका: अँड्रॉइडचं यंत्र 57 दिवस वापरलं नाही तर त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो. आयक्लाउडवर बॅकअप बंद केल्यापासून 180 दिवसांची मुदत असते.

या वर्षीच्या आखाजीचे व्हिडिओ मात्र कुठेच नव्हते. थोरल्या ताईंना जिभाऊंनी दोन गाणी व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती नंदुरबारहून परत आली, दाबून दाबून धुरकट झालेली.

मृगाच्या आधी विहिरीतला गाळ काढला तेव्हा फोन सापडला. "आतली चिप काढून काही निघेल का?" जिभाऊंनी विचारलं. नाही. अलीकडच्या फोनची साठवण सांकेतिक असते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. नुसती चिप सोडवून आणली तर हाती निरर्थक आकडे लागतात. तेवढ्यात वहिनींनी फोन पुसून तांदळाच्या डब्यात खुपसला. तांदळानं काही होत नाही, उलट कण आत जातात, ॲपलनंसुद्धा तसं करू नका म्हणून सांगितलंय, असं मी म्हणालो.

"राहू द्या हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "रेशनचाच तांदूळ आहे."