हरणाचं उष्टं

गेल्या महिन्यात आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. मान टाकलेलं एक हरीण, तोंडातून लाळेची तार, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकताहेत. खाली लाल अक्षरांत, ‘झोम्बी हरीण! सफारीला जाणाऱ्यांनो सावधान!’ दहा मिनिटांत बोर व्याघ्र प्रकल्पातल्या सफारीचं बुकिंग रद्द करावं का इथपर्यंत गाडी गेली. एकाने जिप्सीला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला, आणि तो थट्टेत नव्हता.

व्हिडिओतलं हरीण पांढऱ्या शेपटीचं होतं, म्हणजे अमेरिकेतलं. ते आपल्या जंगलात नाही. रोग मात्र खरा आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हे त्याचं नाव. आपण झिजरोग म्हणू. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे संशोधनासाठी पाळलेल्या हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला. आज अमेरिकेच्या ३५हून जास्त राज्यांत आहे, कॅनडात आहे, २०१६ मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्ये सापडला, आणि २०२३च्या नोव्हेंबरात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या पहिल्या हरणाची बातमी आली. तेव्हापासून ‘झोम्बी’ शब्द जास्तच चालू लागला. भारतात या रोगाची नोंद नाही. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं एकही उदाहरण नाही. तेव्हा बुकिंग राहू द्या आणि लिंबाचं सरबत करा.

एवढं लिहून मी थांबलो असतो. पण त्या व्हिडिओमुळे मला मार्चमधली एक संध्याकाळ आठवली.

बोरच्या जंगलाच्या कडेचं एक रिसॉर्ट, नाव नको. सहाचा सुमार. स्वयंपाकघरामागे आचाऱ्याने लोखंडी घमेलं आणून ठेवलं. दुपारच्या उरलेल्या पोळ्या, कोबीची पानं, बटाट्याची सालं, वरून थोडा भात. पाहुणे मोबाइल काढून तयारच होते. झुडपांतून आधी एक चितळ आलं, मग सात-आठ. घमेल्याचा घेर तो केवढा! सगळ्यांची नाकं एकमेकांना लागलेली. एका मादीने पोळीचा तुकडा उचलला, चघळला, आवडला नसावा, टाकला. तिच्या ओठापासून त्या तुकड्यापर्यंत लाळेची तार लोंबत होती. ती तुटायच्या आत शेजारच्या पाडसाने तो तुकडा तोंडात घेतला.

“रोज येतेत जी,” आचारी म्हणाला. “चार पोळ्या टाकल्या का बस. मुक्या जनावराले खाऊ घातलं तं पुण्यच लागते नं.”

पाडसाने खाल्लं त्याला मराठीत नेमका शब्द आहे : उष्टं. हा शब्द आपण माणसामाणसांत भेद करायला वापरून पार बदनाम केला. पण लाळेपुरता त्यात मुद्दा आहे, आणि हरणांच्या रोगांची निम्मी गोष्ट त्या एका शब्दात मावते.

कोणी म्हणेल, मोहाच्या झाडाखालीही चितळं गोळा होतातच की! वानरं वरून पाला-फळं टाकतात आणि चितळं खाली वेचतात, तेही एकत्रच खाणं झालं. बरोबर आहे. पण मोहाची फुलं झाडाच्या घेरभर विखुरतात. एक फूल एकाच्याच तोंडात जातं, आणि बहर दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. घमेलं रोज, त्याच जागी, बाराही महिने. अन्न तेवढंच राहिलं तरी एका तोंडाचं दुसऱ्या तोंडाच्या वस्तूला लागणं कित्येक पटींनी वाढतं. शिवाय एरवी वेगळे राहणारे कळप तिथे एकत्र येतात, म्हणजे एका कळपातला रोग दुसऱ्यात जायला दार उघडतं.

अमेरिकेत हे काम पुण्यासाठी नाही, शिकारीसाठी होतं. हंगामाआधी शिकारी मका, सफरचंदं, गाजरं, शुगरबीट यांचे ढीग रानात टाकतात आणि हरीण त्या जागेला सरावलं की मचाणावर बसतात. मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात हे वर्षानुवर्षं ट्रकांनी चाललं. १९९४ मध्ये तिथे शिकार झालेल्या एका हरणात गुरांचा क्षय सापडला. मग तपासलं तर ते हरीण एकटं नव्हतं, रानातल्या कळपातच क्षय मुरला होता. हा जिवाणू एरवी दाटीवाटीच्या गोठ्यात टिकतो, मोकळ्या रानात त्याचं फारसं जमत नाही. ढिगांनी रानाचा गोठा केला. पुढे प्रयोगात दिसलं की क्षयी हरणाने तोंड लावलेलं खाद्य नुसतं दुसऱ्या हरणापुढे ठेवलं तरी त्याला लागण होते, दोघांची भेट व्हायची गरज नाही. थंडीत खाद्यावरचा जिवाणू कित्येक आठवडे जगतो. नंतर हा क्षय हरणांकडून पुन्हा गोठ्यांतल्या गाईंकडे गेला.

धान्याचा आणखी एक त्रास आहे. रवंथ करणाऱ्याच्या पोटातले जंतू चाऱ्यावर पोसलेले असतात. एकदम स्टार्च पडला की आम्ल करणारे जंतू माजतात, आम्ल चढतं आणि जनावर आडवं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला भात गाईपुढे ओतलेला ज्याने पाहिलाय आणि संध्याकाळी डॉक्टरला बोलवायला पळालाय, त्याला हे सांगायला नको.

आता माझ्या आवडीचा भाग. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

झिजरोगाला जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही. तो प्रायॉनमुळे होतो. आपल्या मेंदूत, हरणाच्याही, एक साधं प्रथिन असतं. त्याच्या साखळीचा बराच भाग मळसूत्रासारखा वळलेला असतो. तीच साखळी कधी चुकीची दुमडली तर मळसूत्रं उलगडून सपाट पट्ट्या होतात. हे चुकीचं प्रथिन शेजारच्या बरोबर प्रथिनाला लागलं की तेही तसंच दुमडतं. त्यात ना डीएनए, ना आरएनए. नुसता आकार पसरत जातो. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हा शब्द काढला तेव्हा बऱ्याच लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. १९९७ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं.

जिवंत नसलेल्याला मारायचं कसं? उकळून प्रायॉन जात नाही. गजडुसेक हे या क्षेत्रातले आणखी एक नोबेलवाले शास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रायॉनबाधित मेंदू मातीत पुरून ठेवला. ३ वर्षांनी काढला तरी त्यातली काही लागण शिल्लक होती. कोलोरॅडोत रोगी हरणं हलवून २ वर्षं रिकाम्या ठेवलेल्या कुंपणात निरोगी हरणं सोडली, त्यांनाही रोग झाला. आणि रोगी हरीण आजारी दिसायच्या कितीतरी आधीपासून लाळ, मूत्र, लेंड्यांतून प्रायॉन टाकत असतं. म्हणजे ढिगाच्या जागी रोज एक थर.

मग तो मातीत टिकतो कसा? उत्तर आपल्या पायाखाली आहे. नागपूरजवळ वाडी-हिंगण्याकडे प्लॉट घेऊन घर बांधलेल्यांना काळ्या मातीचा हिसका माहीत असतो. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात जातो. म्हणून पाया घालताना ती काढून मुरूम भरतात. हे सगळं करणारं खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट आणि त्याची भावंडं. बेसॉल्ट कुजून ती होतात, आणि विदर्भाच्या काळ्या मातीत भरपूर असतात.

या खनिजाचा एक पत्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड. दहा लाख पत्रे रचले तर एक मिलिमीटर. प्रत्येक पत्र्यात वर-खाली सिलिकाचे थर, मध्ये ॲल्युमिनाचा. मधल्या थरात काही ठिकाणी तीन धन प्रभारांच्या ॲल्युमिनियमच्या जागी दोनच प्रभारांचं मॅग्नेशियम बसलेलं असतं. एक धन कमी पडला, म्हणजे पत्रा ऋण झाला. ही ऋण बाजू भरायला पत्र्यांच्या फटींत सोडियम, कॅल्शियम शिरतात, पाठोपाठ पाणी, आणि माती फुगते. पत्रे सुटे झाले की पृष्ठभाग किती, तर एक ग्रॅम मातीत सातशेहून जास्त चौरस मीटर. नागपुरी हिशोबात दीड हजार फुटांचे पाच प्लॉट, चिमटीभर मातीत.

आणि प्रायॉनच्या साखळीचं एक टोक धन प्रभारांनी भरलेलं असतं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की प्रायॉन मॉन्टमोरिलोनाइटला इतका घट्ट चिकटतो की त्याला मातीपासून सोडवायला गेलं तर ते टोक तुटून मातीतच राहतं आणि उरलेला भाग हाती येतो. चिकटलेला असतानाही तो रोग देतो. २००७ मध्ये त्यांनी तो हॅमस्टरना, म्हणजे उंदरासारख्या प्राण्यांना, तोंडावाटे दिला, तेव्हा मातीला चिकटलेला प्रायॉन सुट्यापेक्षा सुमारे ६८० पट जास्त लागणारा निघाला. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांशचिन्ह कुठे राहिलं का म्हणून पुन्हा पाहिलं होतं. एक स्पष्टीकरण असं देतात की खनिजाच्या आडोशाने तो पोटातल्या पाचकरसांपासून बचावतो. न्यायासाठी हेही सांगतो की सेंद्रिय मातीतली ह्यूमिक आम्लं प्रायॉनला तोडतात, असंही प्रयोगांत दिसलंय. तेव्हा माती सरसकट खलनायक नाही.

हरणाच्या पोटात माती कशी जाईल, असं वाटत असेल तर चाटणीची जागा आठवा. रवंथ करणाऱ्यांना क्षार लागतात, ते मातीतून चाटतात. आपल्याकडेही पाणवठ्यांजवळ मिठाची ढेकळं ठेवायची पद्धत आहे. विस्कॉन्सिनमध्ये रोग असलेल्या भागातल्या चाटणीच्या जागांचं माती-पाणी तपासलं, तेव्हा बहुतेक जागी प्रायॉन मिळाले.

इथे तो रोग नाही हे मी वर लिहिलंय, ते विसरू नका. प्रायॉनच भारतात कधी आला नाही असं मात्र नाही. मेंढ्यांचा प्रायॉन-रोग स्क्रेपी हिमालयाच्या पायथ्याशी आढळल्याची नोंद १९६१ची आहे. पण मला आजची काळजी त्याहून साधी आहे. त्या घमेल्यापाशी चितळांच्या आधी तासभर गावातल्या दोन गाई येऊन गेल्या होत्या. लाळ्या-खुरकूत काही चोरून येत नाही, नावातच लाळ आहे. दुभंगलेल्या खुराच्या कुठल्याही जनावराला तो होऊ शकतो, आणि चितळाला कोणी लस टोचत नाही. उन्हाळी पाणवठ्यावरही हीच गर्दी होते. पण पाण्याला पर्याय नसतो आणि पोळीला असतो. कुणाला ज्योतिषाने शनिवारी जनावरांना काळे उडीद घालायला सांगितले असतील, तर गोठ्यातल्या बैलाला घाला. शनी पत्ता तपासत नाही.

आचाऱ्याला मी यातलं थोडं सांगितलं, प्रायॉन वगळून. गाईंच्या लाळेचा मुद्दा त्याला पटकन कळला, घरी जनावरं होती त्याच्या. मॅनेजरला पटला नाही. पाहुण्यांना फोटो लागतात, म्हणाला. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तर घमेलं जागेवर नव्हतं. मी खूश. आचारी म्हणाला, “चिखल लय झाला होता जी, तिकडं कुंपणाकडं सरकवलं.”

जुन्या जागी हातभर रुंद उघडी काळी माती राहिली होती, गवत उगवलेलं नव्हतं. संध्याकाळी एक चितळ तिथे आलं. खायला काहीच नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ ती माती चाटत राहिलं.