प्रारणसह सिलिकॉन संवेदक

प्रारणसह सिलिकॉन संवेदक : कणांच्या टकरींतून बाहेर पडणाऱ्या विद्युत् भारित कणांचे मार्ग काही मायक्रोमीटरपर्यंत अचूक टिपणारे, आणि त्याच कणांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्यात काम देत राहावेत अशा रीतीने बनवलेले अर्धसंवाहक संवेदक. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हेड्रॉन कोलायडर (एलएचसी) या २७ किमी. परिघाच्या यंत्रावरील ॲटलास व सीएमएस या प्रयोगांच्या मार्गशोधकांत ते प्रामुख्याने वापरले जातात. सीएमएसच्या मार्गशोधकात अशा पट्टीदार संवेदकांचे क्षेत्रफळच सुमारे २०० चौ. मी. भरते.

संवेदक म्हणजे मूलतः उलट्या विद्युत् दाबाने (व्होल्टेजने) जोडलेला डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक). ३०० मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून वेगवान कण गेला की सु. २२ ते २४ हजार इलेक्ट्रॉन-छिद्र जोड्या तयार होतात (छिद्र म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली, धन भारासारखी वागणारी जागा). विद्युत् क्षेत्र त्यांना पृष्ठावरील पट्ट्यांकडे किंवा पिक्सेलांकडे ओढून नेते. योझेफ केमर यांनी १९८० मध्ये एकात्मिक मंडलांच्या कारखान्यातली समतल प्रक्रिया या कामासाठी वापरून दाखवली, तेथून आधुनिक संवेदकांची सुरुवात मानली जाते. त्या पिढीच्या प्रयोगांत प्रारणहानीची फारशी काळजी करावी लागत नसे. हेड्रॉनांच्या (प्रोटॉनासारख्या कणांच्या) टकरी घडवणाऱ्या यंत्रांत ती प्रथम जाणवली. अमेरिकेच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेतील सीडीएफ प्रयोगात १९९२ साली बसवलेला सिलिकॉन शोधक पुढच्याच वर्षी प्रारणसह वाचन-चिप (संवेदकाचा संकेत वाचणारी चिप) असलेल्या नव्या शोधकाने बदलावा लागला.

हानीचे स्वरूप : ढोबळमानाने हानी दोन प्रकारची असते. पृष्ठावरील सिलिकॉन डायऑक्साइडच्या थरात धन भार साचून राहतो, ही पृष्ठीय हानी. तिचा जाच संवेदकापेक्षा वाचन-चिपला अधिक होतो. दुसरी हानी स्फटिकाच्या अंतर्भागात होते व संवेदकाचे आयुष्य मुख्यतः तीच ठरवते. सिलिकॉन अणूला त्याच्या जागेवरून हुसकण्यास सु. २५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. जोराचा धक्का बसलेला अणू शेजारच्या अनेकांना उडवतो आणि विस्कटलेल्या अणूंचा एक पुंज तयार होतो. हलका धक्का सुटी रिक्त जागा व तिचा बेघर अणू एवढेच मागे ठेवतो. असे दोष भटकत जाऊन ऑक्सिजन, कार्बन, फॉस्फरस किंवा बोरॉन या अशुद्धींना चिकटतात. त्रास मुख्यतः या जोडगोळ्यांचा असतो.

निरनिराळ्या कणांनी केलेली हानी एका मापात आणण्यासाठी १ मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांशी तुलना करतात. आयनीभवनाव्यतिरिक्त स्फटिकातील अणूंच्या जाळीला मिळालेली ऊर्जा समान असेल तर हानीही समान, असे यामागचे गृहीतक आहे. या मापाने, उच्च दीप्तीच्या (अधिक टकरी घडवण्यासाठी सुधारलेल्या) एलएचसीत टकरींच्या अगदी जवळच्या थराला दर चौ. सेंमी.ला सु. २०० कोटी कोटी न्यूट्रॉनांइतका मारा सोसावा लागेल असा अंदाज आहे.

हानीचे तीन परिणाम मोजले जातात. गळती प्रवाह (कण जात नसतानाही वाहणारा प्रवाह) माऱ्याच्या सरळ प्रमाणात वाढतो. दर चौ. सेंमी.ला १० कोटी कोटी न्यूट्रॉनांनंतर तो २०° से. तापमानाला दर घन सेंमी.मागे सु. ४० मिलिअँपिअर होतो, मग सिलिकॉन कोणत्याही पद्धतीने वाढवलेले असो; म्हणूनच गळती प्रवाहावरून उलट माऱ्याची मात्रा काढता येते. दर ७ ते ८ अंशांना तो दुप्पट होत असल्याने संवेदक थंड ठेवावे लागतात. दुसरा परिणाम म्हणजे वाहक (इलेक्ट्रॉन व छिद्रे) दोषांच्या सापळ्यांत अडकून संकेत घटणे, आणि तिसरा म्हणजे पूर्ण जाडीत क्षेत्र पसरवण्यास लागणारा दाब बदलणे. वाद झाला तो या तिसऱ्याबद्दल.

प्रकार-बदलाचा वाद : एन-प्रकारच्या (फॉस्फरससारखी, इलेक्ट्रॉन देणारी म्हणजे दाता अशुद्धी असलेल्या) सिलिकॉनला मारा देत गेल्यास लागणारा दाब आधी उतरतो, जवळजवळ शून्याला टेकतो व मग चढू लागतो. १९९० च्या सुमारास याचा सरळ अर्थ असा लावला गेला, की फॉस्फरसचे दाते रिक्त जागांशी बांधले जाऊन निकामी होतात, ऋण भार धरणारे ग्राही दोष वाढतात आणि पदार्थ एनचा पी (ग्राहींचे प्राबल्य असलेला) होतो. हँबुर्ग येथील गटाने याच पायावर अनुशीतनासह (उष्णतेने दोष हलून विरण्या-जुळण्यासह) संपूर्ण प्रतिरूप उभे केले. त्यात पहिल्या काही दिवसांची लाभदायक घट, स्थिर भाग आणि नंतरची दीर्घकालीन वाढ असे तीन घटक आहेत. तिसऱ्या घटकामुळेच यंत्र बंद असतानाही मार्गशोधक शक्यतो गार ठेवतात.

मात्र सेंट पीटर्सबर्गच्या इयोफे संस्थेतील एरेमिन व वेर्बित्स्काया आणि अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे ली यांनी वेगळे चित्र मांडले. गळती प्रवाहातील छिद्रे एका टोकाच्या दोषांत व इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाच्या दोषांत अडकतात. परिणामी एकाच संवेदकात एकीकडे धन व दुसरीकडे ऋण भार साचतो आणि क्षेत्राला दोन्ही टोकांना शिखरे येतात. सीएमएसच्या पिक्सेलांवर तिरप्या कणशलाकेने केलेल्या मोजणीत अशी दोन शिखरे दिसली. तेव्हा ‘पदार्थ पी झाला’ हे विधान हिशेबापुरते सोयीचे असले, तरी भौतिक वर्णन म्हणून दुहेरी शिखरांचे चित्र अधिक पटण्यासारखे आहे.

ऋण भार नेमका कोणत्या दोषाचा, हा प्रश्न याहून किचकट आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी पुंज होत नाहीत, सुटे दोषच होतात. म्हणून तेथे छाननी सोपी असते. साध्या सिलिकॉनमध्ये या किरणांनी ऋण भार वाढतो, ऑक्सिजनयुक्त सिलिकॉनमध्ये उलट धन भार साचतो. पिंटिलिए व सहकाऱ्यांना पहिल्या प्रकारास जबाबदार असा एक खोल ग्राही दोष सापडला. तो मात्रेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ऑक्सिजनला एक रिक्त जागा आधीच चिकटलेली असताना दुसरी येऊन मिळाल्याने तो होत असावा, असे सुचवले गेले. ऑक्सिजन भरपूर असल्यास दुसरी जागा अन्यत्र पकडली जाते, हे त्याच्याशी जुळते. तरीही ही ओळख सर्वमान्य झालेली नाही. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात तर भार पुंजांतील वेगळ्याच ग्राहींकडून येतो.

उपाय : सर्नमधील आरडी-४८ या संशोधन-गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनमध्ये मुद्दाम ऑक्सिजन मुरवून पाहिला. प्रोटॉन व पायॉनांच्या माऱ्यात हानी स्पष्टपणे कमी झाली, न्यूट्रॉनांच्या माऱ्यात मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. वर सांगितलेले समान-ऊर्जा-समान-हानीचे गृहीतक येथे उघडच लंगडे पडते. पुढे आरडी-५० ने, म्हणजे या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या गटाने, चोक्रॅल्स्की पद्धतीचे (वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक ओढून वाढवलेले) व पातळ थरांचे सिलिकॉनही तपासले. एकंदरीत पदार्थ सुधारण्यापेक्षा संवेदकाची रचना बदलण्याने अधिक पदरात पडले, असे म्हणावे लागते.

पी-प्रकारच्या पायावर एन-पट्ट्या घेतल्यास चपळ इलेक्ट्रॉन गोळा करता येतात आणि घडण एकाच बाजूने होत असल्याने खर्चही उतरतो; ॲटलास व सीएमएसच्या नव्या मार्गशोधकांसाठी हीच रचना निवडली आहे. शेरवूड पार्कर, केनी व सीगल यांनी १९९७ मध्ये मांडलेली त्रिमितीय रचना त्यापुढे जाते. तिच्यात विद्युत् अग्रे (इलेक्ट्रोड) पृष्ठावर नसून सिलिकॉनमध्ये कोरलेल्या खांबांच्या रूपात असतात. कण जाडीभर जोड्या सोडतो, पण त्यांना आडवे काही दशक मायक्रोमीटरच धावावे लागते. १०० कोटी कोटी न्यूट्रॉनांनंतर इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकण्यापूर्वी, आधीच्या मोजमापांवरून अंदाज बांधल्यास, जेमतेम २० मायक्रोमीटर जातो. त्यावरून या आखूड अंतराचे मोल कळेल. ॲटलासमध्ये २०१४ साली शलाकेपासून सु. ३.३ सेंमी.वर बसवलेल्या थरात त्रिमितीय संवेदक समतल संवेदकांच्या जोडीने आले.

प्रत्यक्ष मोजणीत मात्र अंदाजापेक्षा जास्त भार मिळाला. खूप मारा खाल्लेल्या संवेदकांत उच्च विद्युत् दाबाखाली वाहकांचे गुणन (एकापासून अनेक वाहक होणे) होते, असे त्यातून दिसले. हे गुणन हेतुपुरस्सर घडवणारे पातळ संवेदक बार्सिलोनात विकसित झाले. ते सु. ३० पिकोसेकंदांपर्यंत वेळ मोजतात, परंतु त्यांच्या गुणन-थरातील बोरॉन माऱ्याने निष्क्रिय होत जातो. कार्बन मिसळल्यास ही झीज मंदावते.

भारतातील कार्य : मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र व बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड यांनी सीएमएसच्या प्रीशॉवर शोधकासाठी पट्टीदार सिलिकॉन संवेदक बनवले. हा शोधक मार्गशोधकाचा भाग नसून ऊर्जामापकाच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) पुढ्यात असतो. दिल्ली विद्यापीठातील गटाने मारा खाल्लेल्या संवेदकांच्या संगणकीय प्रतिरूपांवर काम केले आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.