मलिदा

कोकणातील बेने इस्राएल ज्यूंचा नवसफेडीचा व कृतज्ञतेचा विधी, तसेच त्यातील गोड पोह्यांचा प्रसाद. साखरपुडा, सुंता, नवे घर, आजारातून उठणे, प्रवासाला निघणे अशा निमित्तांनी तो घरी केला जातो. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओले खोबरे, वेलची व सुकामेवा घालून ताटात रास करतात आणि भोवती फळे, बहुधा पाच प्रकारची, मांडतात. सुवासासाठी सब्जा किंवा गुलाबाच्या पाकळ्या असतात. झाडावरचे फळ, जमिनीत पिकणारे धान्य-फळ आणि सुगंध यांसाठीचे हिब्रू आशीर्वाद वेगवेगळे असून, ते म्हटल्यावरच ताट वाटले जाते. दूध-तुपाचा स्पर्श नसल्याने मलिदा मांसाहारी जेवणाआधीही चालतो. ज्यू आहारनियमांत मांस व दूध एकत्र येत नाही.

विधीचा केंद्रबिंदू एलियाहू हानाबी (संदेष्टा एलिया) हा आहे. इतरत्रही ज्यू परंपरेत सुंतेच्या वेळी एलियाची खुर्ची आणि पेसहाच्या (मिसरातून सुटकेच्या सणाच्या) रात्री त्याचा पेला ठेवतात. परंतु नवस बोलण्याचे दैवत म्हणावे इतके महत्त्व त्याला कोकणातच आले. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या मानल्या जातात. तू बिश्वात या वृक्षांच्या सणाला तेथे मलिदा होतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत त्याला बायबलच्या लेवीय ग्रंथातील ‘मिन्हा’ या धान्यार्पणाचा अवशेष मानते. तेथे सपीठ, तेल व ऊद यांचा काही भाग वेदीवर जाळून उरलेला पुरोहितांना देत. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यावर हे अर्पण थांबले. म्हणून हे मत धरणाऱ्यास बेने इस्राएलांचे आगमन त्यापूर्वीचे मानणे सोयीचे जाते. बेने इस्राएल इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी हे आगमन इ. स. पू. १७५ च्या सुमारास ठेवले, कारण त्यानंतरच्या, मक्काबी या ज्यू बंडखोरांच्या विजयापासून सुरू झालेला हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता. मात्र, माहीत नसणे हे विसर पडल्याचेही लक्षण असू शकते, आणि आगमन सहाव्या शतकाच्या आसपासचे, येमेन वा इराणकडून झाले असेही मानणारे अभ्यासक आहेत. अलिबागजवळच्या नवगावपाशी जहाज फुटून समाजाचे पूर्वज असलेले सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्याची कथा कालनिर्णयास उपयोगी नाही.

दुसरे मत स्थानिक संसर्गाचे. ‘मलिदा’ हा शब्द फारसी, ‘मळलेले, चुरलेले’ या अर्थाचा. दख्खनी मुसलमान दर्ग्यावर चढवतात तो मलिदा पोळीचा चुरा, गूळ व तूप यांचा. कोकणात तुपाच्या जागी खोबरे व पोळीऐवजी पोहे आले, असे समजणे अधिक नैसर्गिक वाटते. नाव व नवसाची चौकट शेजाऱ्यांची, आशीर्वादांचा क्रम मात्र नंतर, कोचीनच्या ज्यूंशी संपर्क आल्यावर शिस्तबद्ध झाला असावा. त्याआधी ‘शमा’ ही देव एकच असल्याची ग्वाही देणारी प्रार्थना, सुंता, आहारनियम व शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) एवढेच उरले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नावही त्यातूनच पडले. समाजाला ज्यू धर्माचरण पुन्हा शिकवणारा म्हणून परंपरेत ओळखला जाणारा, कोचीनहून आलेला दाविद राहाबी नेमका कोण व केव्हाचा, हे मात्र वादग्रस्त आहे. परंपरा त्याला कितीतरी जुना मानते, तर अनेक अभ्यासक अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात.

मुंबईतील पहिले सभास्थान, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह (‘जुनी मशीद’ या नावाने ओळखले जाणारे), १७९६ मध्ये उभे राहिले, तरी मलिदा मुख्यतः घरचाच विधी राहिला. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांतही तो चालू आहे.