बॉस्टनच्या गल्लीत टर्कीची दादागिरी

बॉस्टनला अगदी चिकटून ब्रुकलाइन नावाचं गाव आहे. ट्राम, शाळा, जुनी झाडं, महागडी घरं. मार्च-एप्रिलच्या सुमारास तिथे रस्त्याकडेच्या गाडीशी भांडणारा टर्की पक्षी दिसला तर कोणी फारसं थांबून बघत नाही. शेपटीचा पंखा ताठ उभारलेला, पंखांची टोकं डांबरावर खरखरत ओढलेली, डोकं लालबुंद. गाडीच्या दाराला तो दोन-चार टोचे देतो, मागे सरतो, मान तिरकी करून बघतो आणि पुन्हा तुटून पडतो. चकचकीत पत्र्यात त्याला दुसरा नर दिसत असतो आणि तो दुसरा काही केल्या माघार घेत नसतो. विणीच्या दिवसांत मोरही आरशाशी आणि गाड्यांशी असाच झगडतो. मोर, कोंबडी, तितर आणि टर्की एकाच कुळातले, तेव्हा यात नवल नाही.

नवल वेगळंच आहे. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये जवळजवळ सव्वाशे वर्षं हा पक्षी नव्हताच. शेवटचा रानटर्की 1851 साली माउंट टॉम नावाच्या डोंगरावर दिसल्याची नोंद आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी दोनशे वर्षांत निम्म्याहून जास्त जंगल तोडून शेतं आणि कुरणं केली होती, आणि जेवणाच्या टेबलावर टर्की सगळ्यांनाच हवा होता. देशात इतरत्रही तीच कथा. 1930 च्या दशकात अख्ख्या अमेरिकेत दोनेक लाख रानटर्की उरले असावेत, असा अंदाज आहे.

जंगल मात्र आपलं आपण परत आलं. पश्चिमेकडे ओहायो, इलिनॉयची सपाट काळी जमीन खुली झाल्यावर न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांच्या, खडकाळ शेतात दगड वेचत बसण्यात कोणाला रस उरला नाही. शेतं पडीक झाली. आधी पाइन, मग ओक आणि मेपल उगवले. आज राज्याचा साठ टक्के भाग पुन्हा झाडांखाली आहे. त्या दाट रानात फिरताना मधेच गुडघ्याएवढे दगडी बांध लागतात. कोणत्या शेताचे, ते आता कोणी सांगू शकत नाही.

जंगल आलं, टर्की आला नाही. मग सरकारने तो आणायचं ठरवलं. 1911 ते 1967 या काळात किमान नऊ वेळा प्रयत्न झाले आणि एकदाही यश आलं नाही. कारण सोडलेले पक्षी पिंजऱ्यात वाढवलेले होते. दिसायला रानटर्कीच, पण यंत्रात उबवलेले आणि माणसाच्या हातचं दाणापाणी खाऊन मोठे झालेले.

टर्कीची मादी जमिनीवरच्या खळग्यात दहा-बारा अंडी घालते आणि 28 दिवस त्यांवर बसते. पिल्लं जन्मल्यावर दिवसभरातच घरटं सोडून आईच्या मागे चालू लागतात. पहिले दोन आठवडे त्यांना उडता येत नाही, म्हणून रात्री ती जमिनीवर आईच्या पंखांखाली झोपतात. आकाशात ससाणा दिसला की आई एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं जागच्या जागी गोठल्यासारखी थांबतात. कीटक कुठे जास्त सापडतात, संध्याकाळी कोणत्या झाडावर चढायचं, कोल्ह्याला किती जवळ येऊ द्यायचं, हे सगळं तिच्या मागे फिरूनच कळतं. यंत्रातल्या पिल्लाला हे कोण शिकवणार? शिवाय पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या शांत, न बुजणारे पक्षीच निवडले जातात. जंगलात तोच स्वभाव जिवावर उठतो.

मग खरे जंगली पक्षीच पकडायला हवे होते, आणि ते महाकठीण. टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण असते, तो माणसापेक्षा वेगाने पळतो आणि थोड्या अंतरासाठी ताशी 80 किलोमीटरहून अधिक वेगाने उडतो. यावर उत्तर सापडलं ते बदकं पकडायच्या एका युक्तीत. 1951 साली दक्षिण कॅरोलायनात ती टर्कीवर वापरली गेली. मोकळ्या जागी काही दिवस मका टाकत राहायचं. एका बाजूला घडी घातलेलं मोठं जाळं लपवायचं आणि त्याच्या कडेला छोट्या तोफेसारखी नळकांडी जोडायची. मग आडोशाला श्वास रोखून बसायचं. सगळ्यांची डोकी खाली, दाण्यांत असतील त्याच क्षणी बार उडवायचा, कारण मान वर काढलेल्या पक्ष्याला उडतं जाळं लागू शकतं. बार उडाला की धावत जायचं आणि फडफडणारा एकेक पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचा. अंधारात तो शांत होतो.

या कामाला लागणारा बराचसा पैसा शिकाऱ्यांकडून आला, हे सांगायला हवं. 1937 च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. संवर्धनाच्या गोष्टी ऐकताना आपण शिकाऱ्याला सहसा खलनायकाच्या जागी बसवतो. इथे ते जमत नाही.

1972 आणि 1973 साली न्यूयॉर्क राज्यात पकडलेले 37 टर्की मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या डोंगरात सोडले. फक्त 37. ते टिकले, आणि 1978 पर्यंत त्यांचे हजारेक झाले. मग त्यातलेच पकडून 1979 ते 1996 दरम्यान राज्यात 26 ठिकाणी 561 पक्षी सोडले. आज तिथे तीस ते पस्तीस हजार टर्की आहेत. 1991 साली त्याला राज्याच्या अधिकृत शिकारीच्या पक्ष्याचा (गेम बर्ड) दर्जाही मिळाला.

ते ब्रुकलाइनच्या फुटपाथवर येतील, असं मात्र सोडणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. टर्कीला माणसापासून दूर, मैलोनमैल सलग जंगल लागतं, हा त्या काळच्या जाणकारांचा पक्का समज होता. आता मागे वळून पाहिलं तर त्याचं कारण साधं दिसतं. ते ज्या टर्कींचा अभ्यास करत होते, ते फक्त दुर्गम भागांतच शिकाऱ्यांपासून वाचले होते. वाचलेली जागा म्हणजे आवडती जागा, असं धरून चालण्यात गफलत झाली.

टर्कीच्या नजरेने उपनगर पाहा. खाण्यासाठी ओकची फळं आहेत, शेजारीच हिरवळीत कीटक आहेत, आणि रात्री बसायला उंच झाडं आहेत. लोकांनी पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांच्या डब्यांखाली रोज आयता सडा पडलेला असतो. लांडगे आणि प्यूमा तर कधीचेच संपले. कायोटी, म्हणजे तिथले लांडग्याचे लहान भाऊबंद, आहेत, पण कुत्रे साखळीला बांधलेले. आणि मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे राहत्या घरापासून 500 फुटांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय शिकारीची बंदूक चालवता येत नाही. घरं जिथे दाटीने आहेत, तिथे त्याच्यावर गोळी झाडणारं कोणी उरतच नाही.

इथवर आलेला टर्की माणसाळला, असं लोक म्हणतात. मला हे निदान चुकीचं वाटतं. पोस्टमनच्या मागे धावणारा, शाळेला निघालेल्या पोरांची वाट अडवणारा नर जंगलात जे करतो तेच करत असतो. फरक एवढाच की, त्याने आपल्यालाही टर्कीत जमा केलेलं असतं.

कोंबड्यांच्या खुराड्यात कोणी कोणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते, हे नॉर्वेच्या थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 साली मांडलं. टर्कीतही ती असते, आणि कायम तपासून पाहिली जाते. नव्याने समोर आलेल्याचं वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या पोरासारखं होतं: दोन पावलं पुढे टाकून त्याला आजमावलं जातं. तो मागे सरला, की त्याची पायरी ठरली. आपण दचकून मागे होतो, पिशवी छातीशी धरून पळतो, आणि टर्कीच्या हिशेबात आपला नंबर खाली लागतो. दुसऱ्या दिवशी तो आपल्याला ओळखतोही. मुलं आणि वयस्कर माणसं लवकर मागे हटतात, म्हणून त्यांना जास्त त्रास होतो.

ही उतरंड भावाभावांतही असते, आणि तिथली गोष्ट फार सुरेख आहे. विणीच्या काळात दोन-तीन नर खांद्याला खांदा लावून एकाच मादीपुढे पिसारा फुलवतात, पण मीलन त्यांतला वरचढ नरच करतो. बाकीचे मग नाचतात कशाला? कॅलिफोर्नियात ॲलन क्राकाउर यांनी या नरांचे जनुक तपासले आणि 2005 साली ‘नेचर’मध्ये उत्तर दिलं. बरोबरीने नाचणारे नर जवळचे नातलग, बहुधा भाऊच असतात. एकट्याने नाचणाऱ्या नरापेक्षा साथीदार असलेल्या म्होरक्याला कितीतरी जास्त पिल्लं होतात. त्या पुतण्यांमधून साथीदार भावाचेही जनुक पुढे जातात, आणि एकट्याने नाचून त्याच्या पदरी जेवढं पडलं असतं त्यापेक्षा हे जास्त भरतं. गल्लीत तिघेजण एकदम अंगावर आले, तर बऱ्याचदा ते एकाच आईची लेकरं असतात.

पुढच्याच्या मागे चालायची खोड कधी कधी अंगाशी येते. 2017 मध्ये बॉस्टनजवळच्या रँडॉल्फ गावात रस्त्यावर पडलेल्या मेलेल्या मांजराभोवती टर्कींचा थवा गोल गोल फिरत असल्याचा व्हिडिओ जगभर गेला. लोकांना त्यात अंत्यविधी, जादूटोणा, काय काय दिसलं. अभ्यासकांचं म्हणणं असं की, धोका वाटणाऱ्या प्राण्याचा अंदाज घ्यायला ते जवळ गेले असावेत. पहिला वळसा घालून निघाला, दुसरा त्याच्या शेपटीमागे, शेवटी पहिल्याला समोर शेवटच्याची शेपटी दिसली आणि तो तिच्यामागे चालू लागला.

नर चिडलाय की नाही, हे त्याच्या डोक्यावरून कळतं. डोक्यावर आणि मानेवर पिसं नसतात, नुसती सुरकुतलेली कातडी असते. तिच्यात प्रथिनांच्या धाग्यांच्या जुड्या आणि त्यांच्यामधून रक्तवाहिन्या असतात. रक्तवाहिन्या फुगल्या-आकसल्या की धाग्यांमधलं अंतर बदलतं, प्रकाश वेगळा विखुरतो, आणि काही क्षणांत लालचा निळा, निळ्याचा पांढरा होतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली याच तत्त्वावर हवेतली रसायनं ओळखून रंग बदलणारी पातळ पट्टी तयार केली. या रंगांनी फार पूर्वी जहांगीर बादशहालाही चकित केलं होतं. 1612 साली त्याचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून पोर्तुगीजांकडच्या अजब वस्तू घेऊन दरबारी आला, त्यात टर्की होता. डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी, असं बादशहाने लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पक्षी अर्थात पाळीव, मेक्सिकोत माणसाळवलेल्या टर्कीच्या वंशातला. ब्रुकलाइनचे त्याचे चुलत भाऊ पाळीव कधीच नव्हते.

आता बॉस्टनच्या उपनगरांत मराठी घरंही बरीच आहेत आणि उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, म्हणून कामाचं सांगतो. समोर टर्की ठाकला तर पाठ फिरवून पळू नका. पुढे व्हा, आवाज चढवा, छत्री उघडा, झाडू दाखवा, बागेच्या नळीचं पाणी मारा. राज्याचं वन्यजीव खातंही असंच सांगतं. आरशासारख्या चमकणाऱ्या खिडक्या वीण संपेपर्यंत झाका. आणि कौतुकाने पोळीचे तुकडे टाकू नका. तुमच्याकडे खायला मिळालं की तो शेजाऱ्याच्या दारातही हक्काने उभा राहतो, आणि शेजाऱ्याला ही उतरंड माहीत नसते.

पकडून पुन्हा जंगलात का सोडत नाहीत, असं हमखास विचारलं जातं. वन्य प्राणी असे उचलून दुसरीकडे सोडायला तिथे नागरिकांना मनाई आहे, आणि खात्यालाही त्यात अर्थ दिसत नाही. माणसाला जोखलेला नर नव्या जागीही जवळची वस्ती शोधतो. शिवाय 26 ठिकाणी पक्षी सोडले, तेव्हा त्या जागा रिकाम्या होत्या. आता राज्यात जवळजवळ सगळीकडे टर्की आहेत. जंगलात नेऊन सोडलेल्या नरासमोर पहिल्याच सकाळी तिथले भाऊ उभे राहतील, आणि ते काही गाडीच्या पत्र्यातले नसतील.