प्रोटिएज चाचणीसाठी नमुना पाठवताय? आधी ट्यूबमध्ये काय आहे ते पाहा

आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "जंतू जखमेतून काढलेला, वाढ जोरदार, मग रिपोर्टमध्ये प्रोटिएज शून्य कसं?" प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. ते न दिसण्याचा दोष बहुतेक वेळा जंतूचा नसतोच. कुणीतरी काळजीपोटी नमुन्यात तयार इन्हिबिटर कॉकटेल, म्हणजे प्रोटिएज थांबवणाऱ्या रसायनांचं मिश्रण, टाकलेलं असतं आणि त्यात ईडीटीए हे धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन असतं.

वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं विशिष्ट प्रथिन ओळखायची चाचणी) करणाऱ्या हाताला ही सवय असतेच. तिथे प्रथिन वाचवायचं म्हणून प्रोटिएज बंद पाडायचं. इथे मात्र त्याच प्रोटिएजचं काम मोजायचं आहे.

ईडीटीएने एवढं काय बिघडतं? स्युडोमोनास एरुजिनोसाचं इलॅस्टेज घ्या. त्याच्या कापायच्या जागी जस्ताचा एक आयन बसलेला असतो आणि त्याच्याशिवाय कात्री चालत नाही. फुफ्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना लवचीकपणा देणारं इलॅस्टिन ते तोडतं, शिवाय आपली काही प्रतिकारक प्रथिनंही. ईडीटीए हे जस्त ओढून घेतं, आणि एन्झाइमचा आकार धरून ठेवणारं कॅल्शियमही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं ऑरिओलायसिन, अँथ्रॅक्सचा लीथल फॅक्टर, धनुर्वाताचं आणि बोटुलिनमचं विष, ही सगळी जस्तवाली मंडळी. म्हणजे रोग करणारं प्रोटिएज शोधायला निघालात आणि त्यातलं मोठं घराणंच वाटेत झोपवलंत.

अ‍ॅझोकेसिन म्हणजे केशरी रंग जोडलेलं केसिन, दुधातलं प्रथिन. त्याच्या चाचणीत हे डोळ्यांनी दिसतं. न कापलेलं केशरी केसिन आम्ल घातल्यावर खाली बसतं, कापलेले रंगीत तुकडे वरच्या द्रावात राहतात. चांगल्या नमुन्याचा द्राव पिवळा-केशरी येतो. ईडीटीए पडलेल्या नमुन्याचा जवळपास पाण्यासारखा.

"मग वरून जस्त घाला की!" असंही सांगितलं जातं. थोडं काम परत येतं कधी कधी. पण जस्त जास्त झालं तर तेच एन्झाइमला अडवतं, आणि कॅल्शियम गेलेलं एन्झाइम तोवर स्वतःलाच कापू लागलेलं असतं. त्या आकड्यावर आम्ही सही करत नाही, नमुना परत पाठवतो. राग येतो, कल्पना आहे. जांभळ्या टोपणाच्या रक्ताच्या ट्यूबही परत जातात, कारण त्यांत ईडीटीए आधीच असतं.

दुसरी गोष्ट दुधाच्या अगरची, म्हणजे जंतू वाढवायच्या दूध घातलेल्या घट्ट माध्यमाची. वसाहतीभोवती पारदर्शक वलय आलं की लोक जंतूला घातक ठरवून मोकळे होतात. मातीतले कितीतरी निरुपद्रवी बॅसिलस झकास वलय देतात. उलट गोनोरियाच्या जंतूचं आयजीए१ प्रोटिएज आपल्या आयजीए१ प्रतिपिंडाच्या बिजागरीवर नेमका घाव घालतं. आयजीए२ला ती बिजागरी नाही म्हणून ते सुटतं. दुधावर याचा मागमूस दिसत नाही. स्टॅफचं एक्सफोलिएटिव्ह टॉक्सिन त्वचेतलं डेस्मोग्लेइन १ तोडतं आणि तान्ह्या बाळाची कातडी भाजल्यासारखी सुटते. धनुर्वाताचं विष चेतापेशीतलं सिनॅप्टोब्रेव्हिन एकाच ठिकाणी कापतं, तेवढ्याने स्नायू आखडतात. म्हणून जंतू काय कापतो असा संशय आहे, हे फॉर्मवर जरूर लिहा. आम्ही त्यावरूनच सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइमला कापायला द्यायचं प्रथिन, निवडतो. नुसती "प्रोटिएज चाचणी" मागितलीत तर केसिनवरचाच आकडा मिळेल.

जखमेतला स्राव थेट पाठवणार असाल तर एक ध्यानात घ्या: आपल्या न्यूट्रोफिल पेशीही इलॅस्टेज सोडतात. जंतूचं कोणतं आणि रुग्णाचं कोणतं, हे त्या एका ट्यूबवरून सांगणं अवघड. सोबत त्याच जंतूचं शुद्ध कल्चर पाठवलंत तर काम सोपं होतं.

कल्चर सेंट्रिफ्यूज करून, वरचा द्राव गाळून, दोन रिकाम्या ट्यूबमध्ये भरा आणि लगेच गोठवा. त्यात काहीही घालू नका. प्रोटिएजचा प्रकार हवा असेल तर आमच्या पॅनेलवर खूण करा. सेरीन गटातल्या प्रोटिएजसाठी पीएमएसएफ, सिस्टीन गटासाठी ई-६४ आणि धातूवाल्यांसाठी ईडीटीए, तिन्ही आम्ही इथे वेगवेगळ्या भागांत घालतो आणि कशाने काम थांबलं ते एकाच रिपोर्टमध्ये देतो. ईडीटीए घालायचं काम तेवढं आमच्यावर सोडा.

पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांच्या रोगातल्या जंतूचा नमुना असेल तर आधी फोन करा. त्याची जिंजिपेन्स नावाची प्रोटिएजं सिस्टीन गटातली, क्षपणकारक (रिड्यूसिंग) द्रव्याशिवाय सुस्त राहतात. बफर आम्हाला त्या दिवशी ताजं करावं लागतं.