पालापाचोळा अंगणातच राहू द्या

माघ सरू लागला की सकाळी सोसायटीसोसायटीतून खराट्याचा आवाज येतो. देशी बदामाची पानं लालभडक होऊन गळतात, सागाची मोठाली पानं पायाखाली करकरतात. आठच्या आत अंगण लख्ख होतं आणि कोपऱ्यातल्या ढिगाला काडी लागते. मग त्याच घरातली माणसं रविवारी रोपवाटिकेतून खताची पोती आणि कोकोपीटच्या विटा घेऊन येतात. जे जाळलं तेच विकत आणायचं, असा हा अजब व्यवहार. शिवाय असं जाळणं बेकायदाही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठेवला. पाचोळ्याच्या धुराकडे मात्र अजून कोणी फारसं गुन्हा म्हणून बघत नाही.

वसंताआधी अंगण झाडून-पुसून साफ करायचा सल्ला थंड देशांत ठीक आहे. तिथे बर्फ वितळून जमीन चिंब झालेली असते आणि तिला ऊन लागावं म्हणून पानं बाजूला सारतात. दख्खनच्या पठारावर गोष्ट नेमकी उलटी. इथे फाल्गुनापासून मृगापर्यंतचे महिने कोरडे. मध्ये एखादा वळीव पडला तर पडला. तेव्हा परसबागेची वसंताची तयारी म्हणजे उन्हाळ्याच्या पाण्याची बेगमी, आणि त्या कामाचं साहित्य झाडं स्वतःच खाली टाकत असतात.

पान पिवळं पडतं तेव्हा झाडाची आवराआवर चाललेली असते. हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून त्यातला नायट्रोजन झाड फांदीत परत ओढून घेतं, फॉस्फरसही. सर्वसाधारणपणे पानातला निम्मा किंवा त्याहून जास्त नायट्रोजन गळण्याआधी असा काढून घेतलेला असतो. त्यानंतर देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि पान पडतं. खाली येतं ते मुख्यतः कार्बनचं कोठार.

पाचोळा कुजायला एवढा वेळ का लागतो, याचं उत्तर यातच आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात आठ-दहा भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन असतो. खाल्लेल्या कार्बनपैकी बराचसा ते श्वासावाटे उडवून टाकतात. तो हिशेब धरला तर त्यांच्या अन्नात एका भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन असला की काम जोरात चालतं. वाळक्या पानांत हे प्रमाण ४० ते ८० पर्यंत जातं. म्हणून नुसत्या पानांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. त्यात भाजीची देठं, ताजं शेण किंवा थोडं ताक-गूळ-पाणी पडलं की तो तापायला लागतो. ढीग पुरेसा मोठा, म्हणजे तीनेक फूट लांब-रुंद-उंच असेल, तर आतली उष्णता ५०-६० अंशांवर जाते आणि हात घालवत नाही. वरची चार बोटं पानं उचकटली की खालच्या पानांवर पांढऱ्या बुरशीची जाळी दिसते, आणि पहिल्या पावसाचा असतो तोच वास येतो. तो वास जिओस्मिन या द्रव्याचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटाचे जिवाणू ते तयार करतात.

एक चूक मात्र सर्रास होते. उत्साहाच्या भरात कोरडी पानं कुंडीच्या मातीत कालवली जातात. जिवाणूंना नायट्रोजन कमी पडतो, ते तो मातीतून उचलतात आणि महिन्याभरात रोप पिवळं पडतं. तीच पानं मातीवर नुसती पसरली तर ओढाताण फक्त स्पर्शाच्या पातळ थरापुरती राहते, मुळांपर्यंत पोचत नाही. तेव्हा न कुजलेलं वर आणि कुजलेलं आत, इतकं सांभाळलं की झालं.

वर पसरलेल्या पानांनी पाणी कसं वाचतं? ओल्या मातीतल्या बारीक पोकळ्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढत राहतं आणि पृष्ठभागावर उडून जातं. पृष्ठभाग ओला आहे तोवर ऊन आणि वारा जितकं मागतील तितकं पाणी जातं. वरचा थर कोरडा पडला की पाण्याला वाफ होऊन त्या थरातून वाट काढावी लागते आणि वेग एकदम मंदावतो. पानांचं आच्छादन म्हणजे असा कोरडा थर, आणि वर सावलीही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे आपले शेतकरी म्हणतात त्यामागेही हेच आहे. वरची माती भुसभुशीत झाली की खालच्या पोकळ्यांशी तिचा सांधा तुटतो, काळ्या मातीतल्या भेगाही बुजतात. अंगणातल्या झाडांच्या आळ्यात खुरपं फिरवा, पाणी द्या आणि त्यावर वीतभर पानं घाला. दाबून ती लवकरच निम्म्यावर येतात. खोडाला मात्र पानं टेकू देऊ नका, चार बोटं जागा सोडा. तिथे ओल धरली की साल कुजते आणि वाळवीचंही फावतं.

आता मोगरा. गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळ्यानंतर होऊन गेलेली असते, त्याला हात लावू नका. मोगऱ्याची मात्र हीच वेळ, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. मोगरा फुलतो तो नव्या फुटव्यांच्या टोकाला, बहुधा तीन-तीन कळ्यांच्या घोसात. जितकी टोकं तितके घोस. आधी काही दिवस पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग छाटणीच्या कात्रीने (सिकेटरने) फूट-दीड फुटावर, डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या झोपलेल्या कोंबाच्या, जरा वर तिरका काप घ्यायचा, कुजलेलं खत घालून पाणी सोडायचं. पानाच्या बगलेतले डोळे आधी फुगतात, हिरवट टोचा दिसतो, आणि एका टोकाच्या जागी दोन-तीन फुटवे निघतात.

हे डोळे इतके दिवस गप्प का होते? थिमन आणि स्कूग या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३-३४ च्या सुमारास बाकल्याच्या (एका शेंगवर्गीय पिकाच्या) रोपांचे शेंडे खुडले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं. शेंडा नसूनही बाजूचे डोळे झोपलेलेच राहिले. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन त्यांना दाबतं, हे पुढे पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. पण ऑक्झिन तासाला साधारण एक सेंटीमीटर सरकतं. लांबवरचे डोळे त्याच्यात बदल होण्याच्या कितीतरी आधी हलू लागतात, ते कसे? २०१४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटाण्यावर दाखवलं की पहिला इशारा साखरेचा असतो. वाढणारा शेंडा साखर स्वतःकडे ओढतो. तो गेला की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. ऑक्झिनचं काम त्यानंतरचं, कोणता फुटवा टिकेल हे ठरवण्याचं. मला यातून व्यवहाराची एक गोष्ट पटते. साठा नसलेल्या, मरगळलेल्या झाडावर कात्री चालवून फुलं मिळत नाहीत. त्याला आधी महिनाभर सावरू द्यावं.

दोडका, काकडी, भेंडीचं बी थंडी ओसरल्यावरच टाका. गार मातीत ते कुजतं.

आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखा दिसतोय का, बघा. तो पिठ्या ढेकूण. ऊन वाढलं की तो झपाट्याने पसरतो. याच्या भाऊबंदांपैकी पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि जास्वंदीपासून तुतीपर्यंत सगळ्यांवर चढला. फवारण्यांना तो दाद देईना. अखेर २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून एका सूक्ष्म गांधीलमाशीची आयात झाली. ती त्याच्या पोटात अंडी घालते. तिने तो आटोक्यात आणला. घरच्या बागेत जहाल कीटकनाशक मारलं तर असे मित्र आधी मरतात. साबणाचं पाणी पुरतं, कारण साबण किड्याच्या अंगावरचं मेण धुऊन काढतो. सकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही, आणि आठवड्याने पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, आणि त्या तिथे असेपर्यंत गांधीलमाशीला जवळ फिरकू देत नाहीत.